शपथ आणि शिवी : ख्रिस्ती शिकवण वर्गात समजावताना

मराठीत शपथ वेगळी आणि शिवी वेगळी. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच क्रियापद चालतं. आपल्याला ते विचित्र वाटतं. पण मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला पाच मिनिटं कान देऊन उभे राहा. "आईशप्पथ, मी नाही घेतला चेंडू!" म्हणणारा मुलगा पुढच्याच मिनिटाला दुसऱ्याच्या आईवरून बोलतो. शपथेला स्वतःची आई, शिवीला दुसऱ्याची. दोन्ही वेळा वापरली जाते ती आईच, आणि ती बिचारी तिथे नसतेही.

आपल्या जुन्या जालन्यातल्या शाळांत सगळ्या धर्मांची मुलं एका बाकावर बसतात. त्यामुळे 'बायबल काय म्हणतं' हे सांगताना कोणाला उपदेश करायचा नाही. पण ख्रिस्ती शिकवण या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवते, म्हणून मूल्यशिक्षणाच्या तासाला ती उपयोगी पडते.

आधी शपथ. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय, अध्याय 5) येशू सांगतो की शपथ वाहूच नका. स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, यरुशलेमची नको, स्वतःच्या मस्तकाचीही नको, कारण त्यावरचा एक केस काळा-पांढरा करणं तुमच्या हातात नाही. हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा, एवढंच. आपल्या मुलांची यादी याहून फार वेगळी नाही : देवाशपथ, विद्येची शपथ, गळ्याची शपथ (वर गळ्याला चिमटा). यामागचा मुद्दा साधा आहे. काही बोलणं शपथेवर होत असेल, तर बाकीचं बोलणं खोटं असलं तरी चालतं, असा अर्थ निघतो.

हे सगळ्याच ख्रिस्ती पंथांनी शब्दशः घेतलं असं नाही. क्वेकर मंडळींनी कोर्टातली शपथही नाकारली आणि त्यासाठी तुरुंग भोगला. इतर अनेक चर्चेसना न्यायालयातली गंभीर शपथ चालते. पौलही आपल्या पत्रांत देवाला साक्षी ठेवतो. आपल्या राज्यघटनेत ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, असे दोन्ही पर्याय आहेत.

शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट 1969 च्या शपथ कायद्यात आहे. साक्षीदार बारा वर्षांखालचं मूल असेल, त्याला खरं बोलण्याचं कर्तव्य कळत असेल पण शपथेचा अर्थ कळत नसेल, तर न्यायालय त्याची साक्ष शपथेविना घेऊ शकतं. आणि आपण? पेन्सिल हरवली की चौथीच्या पोराला भर वर्गात उभं करून "घे आईची शपथ!" म्हणतो. घाबरलेलं पोर रडत रडत शपथ घेतं. चोर सापडत नाही तो नाहीच, वर आईला काही झालं तर, ही भीती त्या पोराच्या मनात घर करते. माझ्या मते ही पद्धत बंदच व्हायला हवी, घरीसुद्धा.

आता शिवी. त्याच अध्यायात 'राका' हा अरामी शब्द येतो. अर्थ रिकाम्या डोक्याचा. भावाला असं म्हणणं येशू खुनाच्या आज्ञेच्या चर्चेत घेतो! म्हणजे आपण ज्याला अश्लील म्हणतो त्या यादीत हा शब्द बसतच नाही. आपल्याकडे त्याचे भाऊबंद म्हणजे 'ढ', 'मठ्ठ', 'दगड'. हे मैदानावर कमी आणि फळ्याजवळ जास्त ऐकू येतात. याकोबाच्या पत्रात (अध्याय 3) कारण दिलं आहे : ज्या जिभेने देवाची स्तुती करायची, तिनेच देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, हे जुळत नाही. शब्द घाण आहे का, यापेक्षा तो कोणाला खाली पाडतो, हे तिथे पाहिलं जातं.

जालनेकरांना हे लांबून आणायला नको. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिथे आलेल्यांत मांग-महार कुटुंबं मोठ्या संख्येने होती. त्यांच्या जातीचं नावच गावोगाव शिवीसारखं फेकलं जाई. त्या शब्दांत अश्लील काहीच नव्हतं.

येशू स्वतः कडक बोलला नाही का, असं एखादं चौकस पोर विचारेलच. बोलला. हेरोदाला कोल्हा म्हणाला, शास्त्री-परुश्यांना ढोंगी म्हणाला. पण ते सत्तेवरचे लोक होते. 

दंडाचं काय? अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला : शिवी दिली तर 500 रुपये दंड. कारण हे की शिव्या आई-बहिणींवरून दिल्या जातात आणि त्यात बाईचा अपमान होतो. मोठ्यांसाठी हे ठीकच. वर्गात मात्र दंड लावला तर मुलं शिवी सोडत नाहीत, हळू आवाजात देतात.

त्याऐवजी एक तास असा घ्या. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच : तुला सगळ्यात जास्त लागलेला शब्द कोणता? घरच्यांनी आणि शिक्षकांनी वापरलेले शब्दही चालतील, हे आधीच सांगा. चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचू नका. घरी न्या आणि एकट्याने वाचा.