आरोग्य पाठ : क्षयरोग्याचे वजन काय सांगते?



ऊस तोडीला आला की नाही, हे आपण ब्रिक्स पाहून ठरवतो. क्षयाचा, म्हणजे टीबीचा, रोगी कितपत सुधारेल याचा अंदाजही साध्या वजनकाट्यावर येतो.

झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात २,८०० क्षयरोग्यांचा अभ्यास झाला. औषधांबरोबर त्यांना सहा महिने, दरमहा १० किलो शिधा दिला : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढले, तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

हिशेब सोपा आहे. ४० किलोचा रोगी दोन महिन्यांत ४२ वर जावा. नाही गेला तर 'येईल हळूहळू गुण' म्हणत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. खाणे कमी पडत असेल, मधुमेह असेल, किंवा औषध लागू पडत नसेल. वजन वाढले म्हणून गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. कोर्स पुराच करायचा.

घरात किंवा तोडणी टोळीच्या कोपीत असा रोगी असेल तर दरमहा वजन करून कार्डावर लिहावे. टोळी पुढच्या गावी निघाली की कार्ड सोबत द्यावे. उसाच्या काट्यावर आपण किलोकिलोचा हिशेब मागतो; माणसाचाही ठेवू या.