पाहुणा आणि नारळ-सुपारीची वाडी : वेळासवरून घ्यावयाचा धडा

किनारपट्टीच्या गावांत मेळाव्यासाठी गेले की हल्ली खतांच्या मात्रेच्या बरोबरीने एक प्रश्न हमखास विचारला जातो. "गावात पर्यटक येऊ लागलेत. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढाव्यात का?" हा प्रश्न पिकाइतकाच शेतीचा आहे, कारण पाहुणा जे पाणी वापरतो ते वाडीच्याच विहिरीचे असते आणि त्याची सरबराई करणारे हात शेतावर राबणारेच असतात. म्हणून या लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या वेळास गावाचे उदाहरण घेऊन काही हिशेब मांडला आहे.

वेळास हे बाणकोटच्या किल्ल्याजवळचे लहानसे गाव. पेशवाईतील नाना फडणवीसांचे हे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव येते. उत्तरेला सावित्रीची खाडी, पलीकडे हरिहरेश्वर. गावात कौलारू घरे, घरामागे नारळ-सुपारीची वाडी आणि पुढे वाळूचा किनारा. एवढ्याने काही गाव प्रसिद्धीस आले नसते. ते आले कासवांमुळे.

कासवाने गावाला काय दिले

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री मादी साधारण नोव्हेंबरपासून किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी उकरली जात. उरलेली कोल्ही-कुत्री फस्त करीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत असता वेळासला अंड्यांची ही लूट त्यांच्या नजरेस आली. तेव्हापासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन व वन विभागाच्या सहकार्याने संरक्षणाचे काम सुरू झाले. सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरावयाची, सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडावयाची, अशी ही पद्धत आहे.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पिल्ले पाहण्यासाठी शहरांतून लोक येऊ लागले. त्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावकऱ्यांनी आपल्याच घरांतून केली. माझ्या मते वेळासचे खरे यश इथे आहे. मोठे हॉटेल उभे राहिले नाही म्हणून पाहुण्याचा पैसा घरातल्या बाईच्या हाती आला आणि जे गाव पूर्वी अंडी उकरीत होते त्यालाच ती राखण्यात गोडी वाटू लागली. किनाऱ्यालगतची जमीन विकून पुढे त्याच जागेवरच्या हॉटेलात नोकरी धरण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला.

विहिरीचा हिशेब

आता अडचणीकडे वळू. पिल्ले बाहेर पडतात ती मुख्यत्वे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. म्हणजे पाहुण्यांची गर्दी होते ती नेमकी विहिरीचे पाणी खाली जाऊ लागते तेव्हा. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने दररोज ३० ते ४० लिटर पाणी लागते. आंघोळ, संडास, धुणीभांडी धरून एका पाहुण्यामागे १०० लिटर सहज खर्ची पडते. थोडक्यात, एक पाहुणा म्हणजे तीन माड.

उदाहरणादाखल ३ मीटर व्यासाची गोल विहीर घेऊ. तीत ३० सें.मी. उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २,१०० लिटर. ही विहीर एप्रिलमध्ये रात्रीतून ३० सें.मी. भरत असेल, तर ४० माडांना ३५ लिटरप्रमाणे १,४०० लिटर गेले. आठ पाहुण्यांना ८०० लिटर लागतील. बेरीज २,२०० होते आणि घरच्या माणसांचे व गुरांचे पाणी अजून धरलेलेच नाही! अशा घराने चारच पाहुणे घ्यावेत.

हे मोजणे अवघड नाही. दोरीला दर ३० सें.मी.वर गाठ मारून टोकाला दगड बांधावा. फाल्गुनापासून दर आठ दिवसांनी पहाटे पंप सुरू करण्यापूर्वी पातळी पाहून वहीत लिहावी. पंप बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी किती भर आली तेही लिहावे. दोन उन्हाळ्यांची नोंद हाती असल्याशिवाय खोल्या वाढवू नयेत.

पाण्याइतकेच सांडपाणीही महत्त्वाचे. किनाऱ्याची जमीन वाळूची, तीतून मैला झिरपून विहिरीत उतरतो. शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावा. न्हाणीघराचे पाणी केळी व माडाच्या आळ्यांत सोडावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये.

माणसांचाही असाच हिशेब असतो. याच दिवसांत काजू वेचणी असते आणि आंब्याची काढणी सुरू होते. पहाटे चहा-पोहे, दुपारी ओल्या काजूगरांची उसळ, रात्री उकडीचे मोदक हे सारे एकाच गृहिणीने करायचे आणि दुपारी काजूही वेचायचे, असे फार दिवस चालत नाही. खोल्यांचे भाडे मोजताना तिची मजुरी कोणी धरत नाही. ती धरावी.

२०२० साली काय झाले

पाहुण्यांचे उत्पन्न म्हणजे वाडीचा विमा, असे काही जण समजतात. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी झाली, तीही पिल्लांच्या ऐन हंगामात. पर्यटक बंद झाले. त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या वाड्यांत माड मुळासकट उपटले गेले, पोफळी मधोमध मोडल्या. दोन्ही उत्पन्ने एकाच वर्षी बुडाली. त्यात फरक एवढाच की पाहुणा रस्ता मोकळा होताच परत येऊ शकतो. नवी पोफळ मात्र पाच-सहा वर्षांनी आणि बाणवली माड सहा-आठ वर्षांनी फळावर येतो. मधल्या काळात उघडी पडलेली वाडी विकण्याचा मोह होतो, आणि गिऱ्हाईकही तेव्हाच दारात उभे असते.

वाडी भरताना

पाहुण्यांच्या पैशातील निदान तिसरा हिस्सा वाडीत घालावा, अशी माझी सूचना आहे. नवीन माड ७.५ मीटर अंतरावर लावावेत. सुपारीसाठी श्रीवर्धनी जातीची रोपे २.७ मीटरवर घ्यावीत. सुपारीचे कोवळे रोप उन्हाने करपते. म्हणून त्याच्या दक्षिण व पश्चिम बाजूस आधी केळी लावून सावली करावी. केळीचे उत्पन्नही वर्षभरात हाती येते. सावली आल्याखेरीज जायफळ लावू नये. ते लावताना बियांपासूनची रोपे टाळून कोकण सुगंधासारख्या जातीची कलमे घ्यावीत, कारण बियांच्या रोपांत निम्मी झाडे नर निघण्याचा संभव असतो. माड मोठे झाले की त्यांच्यावर काळी मिरी चढवता येते. दालचिनीसाठी कोकण तेज ही जात आहे. ही सुकी मसाल्याची पिके पाहुण्याला घरीच विकता येतात आणि पावसाळ्यात पाहुणा नसला तरी टिकतात.

गावाने मिळून ठरवावयाच्या गोष्टी

राहण्या-जेवणाचा दर सर्व घरांत एकच असावा आणि पाहुणे पाळीने द्यावेत. नाहीतर रस्त्यालगतची चार घरे भरतात व आतल्या वाड्या रिकाम्या राहतात. किनाऱ्याच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवावेत, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात व समुद्राची वाट चुकतात. वाळूत गाडी नेऊ देऊ नये. पिल्ले दिसतीलच असे वचन कोणालाही देऊ नये. निसर्गाचे वेळापत्रक छापता येत नाही.

नवे बांधकाम काढण्यापूर्वी सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम पाहून घ्यावेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली मंजूर झाले असून त्याखालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. नोंदणीसाठी जाताना सातबारा सोबत न्यावा आणि विहिरीच्या नोंदींची वही घरीच, पण रोज दिसेल अशा जागी टांगावी.