नोकरी गेली? ईएसआयचा बेकारी भत्ता असा मागा

पगारातून ईएसआय कापला जात होता आणि नोकरी गेली, तर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त तुम्हाला जास्तीत जास्त 90 दिवसांचा भत्ता मिळू शकतो. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. अर्जाला फी नाही.

करोनात काय बदललं? 2018 मध्ये योजना आली तेव्हा भत्ता रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के होता, तोही बेकारीचे 90 दिवस उलटल्यावर. 24 मार्च 2020 पासून तो 50 टक्के झाला, थांबायची अट 30 दिवसांवर आली आणि मालकामार्फत अर्ज करायची सक्ती गेली. या सवलतीला पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. म्हणून नोकरी गेल्याची तुमची तारीख मुदतीत बसते का आणि दर कोणता लागू आहे, हे आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात किंवा 1800-11-2526 या टोल-फ्री नंबरवर विचारून घ्या.

कोणाला मिळतो? किमान दोन वर्षं ईएसआयखाली नोकरी हवी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे अंशदान काळ असतात. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या काळात किमान 78 दिवसांचं अंशदान भरलेलं हवं, शिवाय त्याआधीच्या तीनपैकी एका काळातही तेवढंच. गैरवर्तनाबद्दल काढलेल्यांना, निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना भत्ता नाही. दोन ठिकाणी काम करत असाल, तर दोन्ही नोकऱ्या गेलेल्या हव्यात.

हातात किती? मागच्या चार अंशदान काळांतली एकूण कमाई भागिले 730, आणि 50 टक्के दर लागू असेल तर त्याच्या निम्मे. दरमहा 18,000 रुपये पगार दोन वर्षं सलग असेल, तर 4,32,000 भागिले 730 म्हणजे रोजचे सुमारे 592 रुपये. भत्ता रोज सुमारे 296 रुपये, 90 दिवसांचे अंदाजे 26,600. खरी मेख इथे आहे. त्याच पगारावर अठराच महिने भरले गेले असतील, तरी भागायचं 730 नेच. मग हाती येतात अंदाजे 20,000. बिनपगारी रजा आणि मालकाने न भरलेले महिने असे तुमच्याच खिशातून जातात.

म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या पोर्टलवर आयपी (बीमित व्यक्ती) नंबरने लॉगिन करा आणि एकेक महिना पगाराच्या स्लिपशी ताडून पाहा. कापलेले 0.75 टक्के भरलेले दिसत नसतील, तर स्लिपांच्या झेरॉक्स जोडून शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मालकाने नोकरी सुटल्याचं कारण काय नोंदवलंय, तेही बघा. कामावरून कमी केलं असेल, तर दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. कमी केल्याचं पत्र मागा.

कागदपत्रं: आधार, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला चेक, आणि अर्ज. आधार व बँक खातं ईएसआयच्या नोंदीला जोडलेलं हवं. आधार, पासबुक आणि ईएसआय या तिन्हीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखं असू द्या. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा.

अर्ज कुठे? पोर्टलवर ऑनलाइन भरा. कागद अपलोड झाले नाहीत, तर अर्जाची प्रिंट काढून सही करा आणि कागदांसह तुमच्या शाखा कार्यालयात द्या. मुंबईकरांनी लोअर परळच्या आणि पुणेकरांनी बिबवेवाडीच्या मोठ्या कार्यालयात पहिली खेप घालू नये. अर्ज तपासते ती शाखाच. पैसे थेट तुमच्या खात्यात येतात.

खर्च: झेरॉक्स, प्रिंट, सायबर कॅफेचे पैसे. बस, एवढाच. नोव्हेंबर 2020 पासून प्रतिज्ञापत्राची अट काढलेली आहे, त्यामुळे स्टॅम्पपेपर आणि नोटरीचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. ‘टक्केवारीवर काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला आधार, ओटीपी किंवा कोरा सही केलेला चेक देऊ नका. खोटी माहिती भरून दिली, तर अडकणार तुम्हीच.

भत्ता चालू असेपर्यंत ईएसआयचे वैद्यकीय उपचारही मिळतात. घरात औषधं चालू असतील, तर शाखेत ते आवर्जून विचारा. कारखानाच बंद पडला असेल किंवा कामगार कपात झाली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. तिची मुदत 24 महिन्यांपर्यंत असते. अर्ज मात्र लांबवू नका. नोकरी गेल्यापासून वर्ष उलटायच्या आत तो दाखल करा आणि पोच जपून ठेवा.