श्वास शेवटी पोचतो कुठे?

आमच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले होते. अशा चढणीवर कोणालाही धाप लागते. मग धापा टाकून आत घेतलेला प्राणवायू जातो कुठे?

तो रक्तातून पेशीत आणि पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, पोचतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, पायऱ्या उतरावेत तसे जातात. सुटलेल्या ऊर्जेने प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात. शेवटच्या पायरीवर प्राणवायू इलेक्ट्रॉन स्वीकारतो व पाणी बनते. परत येणाऱ्या प्रोटॉनांच्या जोरावर एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते.

पटलाच्या दोन बाजूंतील विभवांतर सुमारे 0.15 व्होल्ट असते. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण पटलाची जाडी सुमारे 5 नॅनोमीटर आहे. भागाकार करा : दर मीटरला 3 कोटी व्होल्ट!

या साखळीतला एक दुवा म्हणजे सायटोक्रोम-सी. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला (पुढे डॉ. कमला सोहोनी) यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करून तो वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे दाखवले. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. म्हणजे बटाटा आणि तो खाणारा, दोघांची भट्टी एकाच जातीची!

ही भट्टी थांबली तर? सायनाइड सायटोक्रोम-सीच्या पुढचीच पायरी अडवते. रक्तात प्राणवायू असूनही पेशी गुदमरते आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात रोहिणी तुंबते, प्राणवायूच पोचत नाही आणि हृदयाचे स्नायू मरू लागतात. म्हणून रुग्णालय गाठण्यात एकेक मिनिट मोलाचे. काहींच्या तंतुकणिकांत जन्मजात दोष असतो. ज्यांना ऊर्जा फार लागते ते मेंदू, डोळे, स्नायू त्यात बहुधा आधी थकतात.

मात्र भट्ट्या वाढवणे काही अंशी आपल्या हाती आहे. नियमित धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांची क्षमता जवळजवळ दुप्पट होते, असे जॉन होलोझी यांनी 1967 मध्ये दाखवले. माणसाच्या स्नायूंतही व्यायामाने त्या वाढतात.

करून पाहा : एकच चढण रोज चढा. वर पोचताच नाडीचे ठोके मोजून वहीत लिहा. महिन्याने पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी मांडा, आणि फरक का पडला ते वर्गात सांगा.