तिसरा पडदा लावण्याआधी

लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग हा माझा धंदा. कामाला दोन मॉनिटर लागतात, एकावर टाइमलाइन आणि दुसऱ्यावर क्लिपा. समोरच्या भिंतीवर टीव्ही लागतो, कारण पार्टी कधी एकटी येत नाही. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील, एखादी मावशी असा सगळा गोतावळा सोफ्यावर बसून पाहतो. त्यांना माझ्या खुर्चीमागे उभं करून मॉनिटर दाखवायला घेतला, तर निम्मा वेळ ‘जरा सरका हो’ यातच जातो. म्हणून दोन मॉनिटर आणि एक टीव्ही, तिन्ही एकाच कॉम्प्युटरला. माझ्या स्टुडिओत ही जोडणी झाली तेव्हा आणि पुढे ओळखीच्या फोटोग्राफरांकडे ती लावून देताना जे पाहिलं, ते इथे सांगतो. यात बहुतेकांचे पैसे वाया जातात ते भलत्याच वस्तू घेण्यात. आणि एक गोष्ट तर अशी आहे की तिच्यापायी अख्खा टीव्ही जातो.

दुकानात जाऊन ‘कॉम्प्युटरला एकच एचडीएमआय आहे, तीन स्क्रीन जोडायच्यात’ असं म्हटलं की काउंटरवरचा माणूस स्प्लिटर काढून ठेवतो. मलाही तोच मिळाला. स्प्लिटर एकाच चित्राच्या प्रती काढतो. मंगल कार्यालयात स्टेजवरचे विधी जेवणाच्या हॉलमधल्या टीव्हीवर दाखवायचे असतील तर त्यासारखी सोयीची वस्तू नाही. एडिटिंगच्या टेबलावर मात्र तो तिन्ही पडद्यांवर तीच टाइमलाइन आणून ठेवतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये कितीही धुंडाळलं तरी पडदा एकच दिसतो, कारण कॉम्प्युटरच्या लेखी एकच पडदा जोडलेला असतो. फोन केला की दुकानदार म्हणतो, ‘सेटिंग करा, होईल.’ होत नाही.

कॉम्प्युटरच्या पाठीमागची तोंडं मोजून काही कळत नाही, हे आधी लक्षात घ्या. एकाच वेळी किती वेगवेगळे पडदे चालवायचे, ही ऐपत आतल्या ग्राफिक्स चिपची असते. २०११ च्या सुमाराच्या, दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवाल्या बोर्डांवर व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय अशी तीन तोंडं असायची, पण त्यातली एका वेळी दोनच चालायची. तिसरा पडदा पुढच्या पिढीपासून, म्हणजे २०१२ पासून, शक्य झाला. ग्राफिक्स कार्डांचंही तसंच. जीटी १०३० दोन पडद्यांवर थांबतं, आरटीएक्स ३०६० चार पडदे घेतं. कार्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मॉडेलपुढे हा आकडा दिलेला असतो. दुकानात जायच्या आधी तो बघायला पाच मिनिटं लागतात.

कार्ड असूनही एखादी वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खुपसलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. बऱ्याच मशीनमध्ये कार्ड बसवलं की बोर्डावरचं ते तोंड बंद पडतं, मग बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी नुसतं ‘एफ’ असलेला इंटेल असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, बोर्डावरचं तोंड नुसतं शोभेला.

लॅपटॉपवाल्यांची तऱ्हा वेगळी. यूएसबी-सीच्या प्रत्येक तोंडातून चित्र बाहेर येतं असं नाही, काही फक्त चार्जिंगची आणि डेटाची असतात. एम-१ चिपचा मॅकबुक एअर घेतलेला एक तरुण फोटोग्राफर दोन एचडीएमआयवाला डॉक घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही मॉनिटरवर चित्र सारखंच. डॉक चांगला होता. ती चिपच बाहेर एकच मॉनिटर चालवते, हे त्याला डॉक विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. यावर डिस्प्लेलिंकचा डॉक हा तोडगा आहे. तो सॉफ्टवेअरच्या जोरावर चित्र यूएसबीतून पाठवतो. फाइली आणि क्लिपा उघडून ठेवायला उत्तम, पण कलर करेक्शन त्याच्यावर करू नका, आणि ओटीटीवरचा सिनेमा त्याच्या पडद्यावर काळा दिसला तर चकित होऊ नका.

कन्व्हर्टरला दिशा असते, हेही दुकानात कोणी बोलत नाही. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जायचं असेल तर साधी, स्वस्त वायर पुरते. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टकडे जायचं असेल तर तीच वायर उलटी लावून काहीही होत नाही. त्यासाठी यूएसबीतून वीज घेणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो.

आता टीव्ही. तो दिसायला मोठा मॉनिटर असला तरी त्याला आपण टीव्ही आहोत हे विसरता येत नाही. माझ्याकडे पहिल्यांदा टीव्हीवर लग्न दाखवलं, तेव्हा नवऱ्यामुलाची आई दोन मिनिटांत म्हणाली, ‘अहो दादा, फेट्याचा तुरा कुठे गेला?’ मॉनिटरवर तुरा अख्खा होता, टीव्हीने वरून छाटला होता. जुन्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा खराब यायच्या, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा चौकटीबाहेर ढकलायची रीत पडली. नळ्या गेल्या, पण एलईडी टीव्हींमध्ये ती रीत अजून घर करून आहे. विंडोजचा टास्कबार टीव्हीवर अर्धवट दिसत असेल तर हेच कारण. यावर कॉम्प्युटरमध्ये चित्र लहान करू नका, तसं केलं की ते धूसर होतं. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये जा. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ असं काहीतरी सापडेल. ते लावलं की तुरा परत येतो.

त्याच बैठकीत त्या एचडीएमआयला टीव्हीच्या मेनूत ‘पीसी’ असं नाव द्या. नाव दिलं की काय होणार, असं वाटेल. पण बऱ्याच टीव्हींमध्ये या एका नावाने चित्रावरची जास्तीची रंगरंगोटी बंद होते आणि रंगांची काटछाट न करता पूर्ण चित्र घेतलं जातं. आधी लाल अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत असतील तर त्या लख्ख होतात. शिवाय चित्र उशिरा येणंही कमी होतं. टीव्ही प्रत्येक फ्रेमवर आपली कारागिरी करत बसतो, आवाज मात्र टेबलावरच्या स्पीकरमधून ताबडतोब येतो. मग मंगलाष्टकांत ‘सावधान’ आधी ऐकू येतं आणि गुरुजींचे ओठ मागाहून हलतात, आणि पार्टीला वाटतं की एडिटिंगच बिघडलंय.

फोर-के टीव्हीवर माऊस अडखळत चालत असेल तर तो तीस हर्ट्झवर आहे. एचडीएमआय १.४ ची धाव फोर-केला ३० हर्ट्झपर्यंतच. साठ हवे असतील तर २.० लागतं, आणि तेही कार्ड, वायर आणि टीव्ही तिघांकडे. काही टीव्हींत हे दार मेनूतून उघडावं लागतं, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ आणि एलजीत ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’. आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी एक जास्तीची गोष्ट. आपल्याकडची लग्नं बहुधा २५ किंवा ५० फ्रेमवर शूट होतात. साठ हर्ट्झच्या पडद्यावर २५ समसमान बसत नाहीत, त्यामुळे वरातीचा लांब पॅन झटके घेत सरकतो. टीव्हीपुरते ५० हर्ट्झ लावा आणि तोच पॅन पुन्हा बघा.

वायर लांबवर न्यायची असेल तर साध्या तांब्याच्या वायरीवर फोर-के काही मीटरच नीट जातं. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिच्या एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. भिंतीतल्या पाइपातून ओढायच्या आधी ते वाचा, नाहीतर पीओपी फोडून वायर पुन्हा उलटी ओढायची पाळी येते.

विंडोजमधली मांडणी सोपी आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये पडदे टेबलावर जसे ठेवलेत तसे चित्रात ओढून ठेवा. हरवलेली खिडकी विंडोज, शिफ्ट आणि बाणाच्या कळीने परत आणा. आवाज टीव्हीकडे पळाला असेल तर स्पीकरच्या चिन्हावरून तो वळवून घ्या. प्रीमियर वापरत असाल तर प्रोग्रामची खिडकी टीव्हीवर ओढण्यापेक्षा प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये मर्क्युरी ट्रान्समिट चालू करून टीव्ही निवडा. तिकडे फक्त चित्र जातं, पार्टीला आपली टाइमलाइन दिसत नाही आणि ‘ते लाल काय आहे?’ हा प्रश्न येत नाही.

राहिलं ते टीव्ही जाण्याचं. आमच्या जुन्या जागेत सॉकेट तीन पिनांची होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग नुसतं नावाला. कॉम्प्युटरच्या लोखंडी कॅबिनेटला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या आणि टेस्टर लावला की दिवा मिणमिणायचा. आम्ही सगळे ते हसण्यावारी न्यायचो. त्यामागचं कारण असं की कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये लाइनपासून अंगापर्यंत छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून येणारा बारीक प्रवाह अर्थमधून जायचा असतो. अर्थच नसेल तर अख्खं अंग साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहतं आणि मीटर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवतो. प्रवाह अगदी थोडा असतो, माणसाला बहुधा झिणझिण्यांवर सोडतो. एचडीएमआयच्या तोंडामागची चिप मात्र पाच व्होल्टांच्या आतबाहेरच्या जगातली. तिकडे टीव्हीला सेट-टॉप बॉक्समार्फत केबलवाल्याची वायर जोडलेली. ती गच्चीवरून आणि शेजारच्या इमारतींवरून फिरून येते आणि त्यांचा अर्थ कुठला कोणास ठाऊक. दोघांच्या मध्ये एचडीएमआय लावायला गेलं की दोन्हीकडचा दाबाचा फरक त्या बारीक पिनांतून धावतो.

जोडणीला आलेल्या मुलाने सगळं चालू ठेवून वायर खुपसली. टोकाशी बारीक ठिणगी दिसली, आवाजसुद्धा झाला नाही. टीव्ही चालू राहिला, चॅनेल दिसत राहिले, म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त त्या एचडीएमआयवर पुढे कधी चित्र आलं नाही, आणि काही दिवसांनी शेजारचं तोंडही गेलं. दुरुस्तीवाल्याने मेनबोर्ड बदलायला सांगितला. अशा बोर्डाची किंमत ऐकली की माणूस नवा टीव्ही बघायला लागतो.

तेव्हा टेस्टर कॅबिनेटवर मिणमिणत असेल तर आधी वायरमनला बोलवा आणि अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत जातंय का ते मोजून घ्या. थ्री-पिनचा टू-पिन करणारे अडॅप्टर आणि मोठी पिन कापलेले प्लग फेकून द्या. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि टीव्ही एकाच अर्थ असलेल्या बोर्डावर घ्या. एचडीएमआय लावताना सगळ्यांचे प्लग बाहेर काढलेले आणि केबलची गोल वायर सुटी केलेली असू द्या. आधी एचडीएमआय, मग वीज, आणि केबलची वायर सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की पहिल्यांदा तीच काढा, कारण नुसतं बटण बंद केलं तरी ती वायर टीव्हीला जोडलेलीच राहते.