जुने फोटो वाचायला शिकू या



आमच्या घरी एक जुना फोटो आहे. एक तरुण सायकल धरून उभा आहे. डोक्यावर टोपी, अंगात कोट, पायांत वहाणा. तोंडावर मोठा रुबाब. पण हा कोण? कोणत्या गावचा? फोटो कोणत्या साली काढला? आज हे सांगणारे कोणी उरले नाही. आमच्या आजीला ठाऊक होते. पण तिला लिहिता येत नव्हते, आणि आम्हा शिकलेल्यांना विचारायचे सुचले नाही. फोटोची मागची बाजू कोरीच राहिली.

फोटो पाहणे निराळे आणि फोटो वाचणे निराळे. अक्षरे वाचायला तुम्ही शिकलात. आता फोटोही वाचायला शिकू या. त्यासाठी सायकलीचेच जुने फोटो घेऊ. युरोपातल्या संग्रहालयांत असे फोटो जपून ठेवले आहेत. पुष्कळांवर नाव आणि साल लिहिलेले आहे. म्हणून ते आपल्याशी बोलतात.

१. पायडल नसलेली गाडी

जर्मनीत मॅनहाइम नावाचे शहर आहे. तेथे कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांची लाकडी गाडी केली. चाके एकामागे एक. मध्ये बैठक. पायडल नाही, साखळी नाही. बैठकीवर बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जायचे. आज हसू येते. पण दोन चाकांवर तोल सांभाळता येतो, हे या गाडीने लोकांना दाखवले.

आता कोणी म्हणाले, "हा पाहा ड्राइसच्या पहिल्या फेरीचा फोटो," तर विश्वास ठेवाल का? ठेवू नका. फोटो काढण्याची रीत फ्रान्समध्ये जगापुढे आली ती १८३९ साली. मग १८१७ सालचा फोटो कुठून येणार? त्या वेळची मिळतात ती हाताने काढलेली चित्रे. पाहा, दोन साले माहीत असली की केवढा उलगडा होतो!

२. उंच चाकाची सायकल

१८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. चाके लाकडी. त्यांवर आपल्या बैलगाडीसारखी लोखंडी धाव. रस्ते दगडी. इंग्रज लोक या गाडीला 'हाडे खिळखिळी करणारी' म्हणत. नाव अगदी खरे होते!

पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. आता थोडे गणित करू. चाकाच्या उंचीच्या तिपटीहून थोडे जास्त अंतर चाक एका फेऱ्यात कापते. तीन फूट उंचीचे चाक नऊ फुटांहून थोडे पुढे जाते. पाच फूट उंचीचे चाक पंधरा फुटांहून पुढे जाते. म्हणून १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये पुढचे चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत आले. मागचे मात्र चिमुकले राहिले.

वेग मिळाला, पण धोकाही वाढला. पुढे दगड आडवा आला की माणूस डोक्यावर पडे.

या सायकलींचे फोटो नीट पाहा. पुष्कळ फोटोंत सायकल भिंतीला किंवा खांबाला टेकवलेली असते, नाहीतर मालक ती धरून बाजूला उभा असतो. का बरे? त्या काळी फोटो काढायला वेळ लागे. कोणी हलले तर चित्र पुसट येई. म्हणून एखादा ऐटीत वर बसलेला दिसला, तरी तो चालवीत आहे असे समजू नका.

आणखी एक पाहा. फोटोत कोण आहे ते पाहिले, तसे कोण नाही तेही पाहावे. येथे बहुतेक तरुण पुरुषच दिसतात, आणि तेही खात्यापित्या घरचे. सायकल महाग होती. पायघोळ झगा घालणाऱ्या बायकांना त्या उंच चाकावर चढणेही कठीण होते.

३. आपल्या ओळखीची सायकल

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली 'रोव्हर' नावाची सायकल आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी. पायडल मध्ये, आणि साखळी मागच्या चाकाला. समजा, पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्याला २२. तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन फेरे घेते. मग उंच चाक हवेच कशाला? माणूस खाली आला. पाय जमिनीला टेकू लागले. पुढे बायकांसाठी आडव्या दांड्याची अडचण नसलेल्या सायकली निघाल्या. त्यानंतरच्या फोटोंत बायका सायकलीवर दिसू लागतात.

१८८८ साली बेलफास्ट शहरात गुरांचे डॉक्टर डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला रबराची नळी बसवून तीत हवा भरली. धक्के कमी झाले. म्हणून फोटोत हवेचे जाड टायर दिसले, की तो फोटो १८८८ नंतरचा असे धरून चालावे.

याच १८८८ सालाशी आपल्याकडची एक गोष्ट जोडलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी त्या साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. बेळगाव आज कर्नाटकात आहे. पुढे याच माणसाने लोखंडी नांगर तयार केले.

४. यंत्राची दुचाकी

१८८५ सालीच जर्मनीत गॉटलीब डेमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी दुचाकीला इंजिन बसवले. शक्ती अर्ध्या घोड्याची. वेग तासाला सुमारे १२ किलोमीटर. गाडी कलंडू नये म्हणून बाजूंना दोन लहान चाके होती. डेमलरच्या मुलाने ती चालवली. खालचे यंत्र तापून बैठकीने पेट घेतला, असे सांगतात.

१८९४ साली म्यूनिक शहरातल्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी गिऱ्हाइकांना विकण्यासाठी मोटारसायकली करायला सुरुवात केली. गाडी धावत ढकलायची, यंत्र सुरू झाले की उडी मारून बसायचे!

डेमलरच्या गाडीचे सुंदर, स्वच्छ फोटो पुष्कळ ठिकाणी छापलेले असतात. पण मूळ गाडी १९०३ सालच्या आगीत जळाली. संग्रहालयांत आहेत त्या नंतर तशाच बनवलेल्या गाड्या. त्यात लबाडी नाही. फोटोखाली बहुधा तसे लिहिलेले असते. पण जो खालची ओळ वाचत नाही, तो नकलेलाच मूळ गाडी समजतो. लक्षात ठेवा: फोटोखालची ओळ आधी वाचावी, मग मत बनवावे.

आता आपले काम

परदेशातल्या या गाड्यांची आपल्याला एवढी माहिती मिळते, कारण कोणीतरी त्या वेळी दोन ओळी लिहून ठेवल्या. आपल्या घरातल्या माणसांची माहिती मात्र हरवत आहे.

आज घरी जा. पेटीतले, भिंतीवरचे फोटो खाली काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. एकेक फोटो त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "हे कोण? गाव कोणते? साल कोणते?" साल आठवत नसेल तर विचारा, "दुष्काळाच्या आधी की नंतर? धाकट्याचे लग्न झाले होते का?" मग फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. जोर देऊ नका, नाहीतर अक्षरे पुढच्या बाजूला उमटतील. बायकांची नावेही लिहा. 'अमक्याची आई' एवढे पुरे नाही. तिचे स्वतःचे नाव लिहा.

अक्षरे वाकडी आली तरी चालतील. आमच्या फोटोतल्या त्या तरुणासाठी कोणी वाकडीतिकडी दोन अक्षरे लिहिली असती, तर आज तो आम्हाला परका झाला नसता.

कठीण शब्द

धाव – चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी
उलगडा – न समजलेली गोष्ट समजणे
नक्कल – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू

प्रश्न

१. ड्राइसच्या १८१७ सालच्या फेरीचा फोटो का असू शकत नाही?
२. सायकलीचे पुढचे चाक उंच का केले? पुढे त्याची गरज का उरली नाही?
३. चार फूट उंचीचे चाक एका फेऱ्यात सुमारे किती अंतर जाईल?
४. तुमच्या घरातला एक फोटो घ्या. त्यात कोण आहे, कोण नाही, ते पाच ओळींत लिहा.