उमदी कुज आणि स्पेनची गोड मद्ये

द्राक्षाच्या घडावर करडी बुरशी दिसू लागली की बागाईतदाराच्या काळजाचा ठोका चुकतो. आणि ते स्वाभाविकच आहे. बोट्रायटिस सिनेरिया या कवकाने आजवर कितीतरी बागांचे पीक मातीमोल केले आहे. परंतु विशिष्ट हवामानात हेच कवक उपकारक ठरते. त्या अवस्थेत त्याच्या कार्याला ‘उमदी कुज’ असे म्हणतात. स्पॅनिश भाषेतील नाव ‘पोद्रेदुम्ब्रे नोब्ले’ हे याच अर्थाचे आहे.

ही क्रिया अशी घडते. पहाटेच्या धुक्यातील ओलाव्यामुळे पक्व द्राक्षावर कवक वाढू लागते. त्याचे सूक्ष्म तंतू सालीत शिरतात व साल सच्छिद्र होते. दुपारी कोरडे ऊन पडले की कवकाच्या वाढीस आळा बसतो आणि फळातील पाणी बाष्परूपाने निघून जाते. द्राक्ष तपकिरी पडून सुरकुतते. उरलेल्या रसातील साखर दाट होते. काही आम्ल कवक स्वतःच वापरते व ग्लिसरॉल निर्माण करते. त्यामुळे मद्याला स्निग्धता येते. रसात साखर इतकी असते की किण्वाचे कार्य ती सर्व संपण्यापूर्वीच मंदावते. मात्र पाऊस लागून राहिला, तर ‘उमदी’ कुज साधी कुजच ठरते आणि घड सडून जातो.

स्पेनच्या बऱ्याच भागात हवा कोरडी असल्याने तेथील प्रसिद्ध गोड मद्ये बहुधा या मार्गाने तयार होत नाहीत. कोर्दोबाजवळच्या मोन्तिया परिसरात पेद्रो खिमेनेस जातीची द्राक्षे उन्हात पसरून वाळवितात. त्यांच्या मद्यात लिटरमागे 200 ग्रॅमहून अधिक साखर राहते. येथे पाणी काढून घेण्याचे काम कवक नव्हे, तर सूर्य करतो.

उत्तरेकडे एब्रो नदीच्या खोऱ्यात क्वचित निराळा योग जुळून येतो. नाव्हारा प्रांतात मोस्कातेल द्राक्षे वेलीवरच ठेवून उशिरा तोडतात. रिओखातील आरो गावच्या, 1879 साली स्थापन झालेल्या ‘कंपानिया विनिकोला देल नोर्ते दे एस्पान्या’ या संस्थेचे ‘कोरोना’ हे निमगोड मद्य प्रसिद्ध आहे. 1939 च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध संपले. पण त्या वर्षीच्या हंगामात मजुरांची वाण होती. त्यामुळे घड वेलीवरच राहिले व त्यांना उमदी कुज लागली, असे सांगतात.

तथापि जाणूनबुजून थांबणे हा जुगारच होय. सर्व घड एकाच वेळी तयार होत नसल्याने तोडणाऱ्यांना त्याच वेलींकडे पुनःपुन्हा जावे लागते. रस थोडा निघतो, मजुरी वाढते आणि एका पावसाने वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते. या मद्याच्या चढ्या किमतीत त्या प्रतीक्षेचेही मोल असते.